पावसात सायकल आणि डोळ्यांवर चष्मा: काच कोणती घ्यावी, टोपी कशी असावी आणि थांबायचं कधी?

पावसात सायकल चालवणाऱ्या चष्मेवाल्यांपुढे रोज एकच पेच असतो. चष्मा घातला तर काचेवर पाणी, काढला तर रस्ताच दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शाळा, शेत, पेठ किंवा कामाचं ठिकाण सायकलवर गाठणाऱ्यांना याचा चांगलाच अनुभव आहे.

यात मोठी संख्या शाळकरी मुलींची आहे. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल दिली जाते. घर आणि शाळा यांच्यात पाच किलोमीटरपर्यंत अंतर असलेल्या मुलींसाठी ही योजना आहे आणि यवतमाळमधल्या काही तालुक्यांचाही त्यात समावेश आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळांमध्ये डोळे तपासले जातात आणि नंबर निघालेल्या मुलांना मोफत चष्मे मिळतात. म्हणजे सायकल एका योजनेतून आली आणि चष्मा दुसऱ्या. या दोन्ही गोष्टी भर पावसात एकत्र कशा वापरायच्या, ते मात्र कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही.

इंटरनेटवर शोधलं तर महागडे स्पोर्ट्स गॉगल दिसतात. बहुतेकांना त्यांची गरज नाही. खरी अडचण कुठे आहे आणि पैसे कशावर घालवावेत, ते समजून घेऊया.

चष्मा काढून खिशात ठेवला तर चालेल?

हे नंबरवर अवलंबून आहे आणि त्याचं गणित सोपं आहे. मायनस नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय किती अंतरापर्यंत स्वच्छ दिसतं, हे काढायचं असेल तर १ ला त्या नंबरने भागायचं. मायनस १ असेल तर १ मीटर. मायनस २ असेल तर अर्धा मीटर. मायनस ३ असेल तर जेमतेम ३३ सेंटीमीटर, म्हणजे सायकलचं हँडलही नीट दिसणार नाही. त्यापलीकडचं जग नाहीसं होत नाही, पण जसजसं दूर जावं तसतसं पुसट होत जातं.

आता वेग पाहू. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली असेल तर ती एका सेकंदात ४ मीटरहून थोडं जास्त अंतर कापते. समोर खड्डा दिसला, मेंदूने तो ओळखला आणि बोटं ब्रेकवर गेली, यात एक सेकंद सहज जातो. तोवर सायकल ४ मीटर पुढे गेलेली असते. त्यात रिम ओली असली की ब्रेकचे रबर घसरतात आणि थांबायला आणखी जागा लागते. पाण्याने भरलेला खड्डा तर लांबून फक्त पाण्याच्या वेगळ्या चमकेवरून ओळखता येतो. पुसट नजरेला खड्ड्याची चमक आणि ओल्या डांबराची चमक सारखीच दिसते.

मायनस अर्धा किंवा पाऊण नंबर असेल आणि ओळखीच्या रस्त्यावर दिवसाउजेडी हळू जायचं असेल, तर चष्मा काढून निभावतं. मायनस १ च्या पुढे चष्मा काढायचा विचारही नको. थेंबांनी भरलेल्या काचेतून रस्ता तुटक दिसतो, पण थेंबांच्या मधल्या जागेतून स्वच्छ दिसतं. काढलेल्या चष्म्यात ती सोयही नाही.

चाळिशीनंतर लागलेल्या जवळच्या नंबराची गोष्ट नेमकी उलटी आहे. फक्त वाचण्यापुरता चष्मा असेल, तर सायकलवर तो घालायचाच नाही. त्यातून दूरचं उलट पुसट दिसतं.

दोन नंबरांचा, म्हणजे बायफोकल चष्मा मात्र फसवा असतो. त्याचा खालचा भाग हातातल्या कागदासाठी बनवलेला असतो. सायकलस्वार चाकापुढची जमीन बघायला नजर खाली टाकतो तेव्हा ती नेमकी याच भागातून जाते. जमीन डोळ्यांपासून दीड मीटरवर असते, त्यामुळे ती पुसट दिसते आणि खड्ड्याच्या खोलीचा अंदाज चुकतो. बायफोकल वापरणाऱ्याला रोज सायकल चालवायची असेल, तर फक्त दूरच्या नंबरचा साधा दुसरा चष्मा करून घेणं शहाणपणाचं. कोरड्या दिवसातही तो उपयोगी पडतो.

पाणी काचेवर येतं कुठून?

वरून, असं उत्तर कुणीही देईल. पण सायकल चालू असताना पाऊस समोरून येतो आणि किती समोरून येतो, ते मोजता येतं.

दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. सायकल सेकंदाला सव्वाचार मीटरने पुढे जात असते. वारा नसेल तर सायकलस्वाराला हा थेंब सरळ वरून नाही, तर उभ्या रेषेपासून ३३ अंश तिरका येताना जाणवतो. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर हाच कोन ५२ अंशांवर जातो.

म्हणूनच पावसातल्या चष्मेवाल्याचं सगळ्यात कामाचं साधन चष्मा नसून कडक झापेची टोपी आहे. टोपीची झाप काचेच्या पुढे ५ सेंटीमीटर आली, तर वारा नसताना ती झापेच्या खालच्या साडेसात सेंटीमीटरपर्यंत थेंब अडवते. चष्म्याची काच साधारण ४ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे झाप आणि काच यांच्यात तीन बोटं अंतर असलं तरी काच बरीचशी कोरडी राहते. समोरून वारा आला की हाच आडोसा जेमतेम ४ सेंटीमीटरवर येतो. मग झाप भुवईला टेकेल इतकी खाली ओढावी किंवा मान थोडी झुकवावी. अर्थात, हे गणित एकाच आकाराच्या थेंबाचं आहे. बारीक झिमझिम पावसाचे थेंब हळू पडतात, त्यामुळे ते जास्त आडवे येतात आणि टोपीला दाद देत नाहीत. जोराच्या सरीत टोपी जास्त कामी येते आणि बुरबुरीत कमी, हे ऐकायला उलटं वाटेल, पण खरं आहे.

टोपी कापडाचीच, पण झाप कडक हवी. क्रिकेटची साधी टोपी चालते. हेल्मेट घालणाऱ्यांनी पातळ टोपी आत घालावी आणि हेल्मेटचा पट्टा पुन्हा जुळवून घ्यावा. रेनकोटचं हूड एकटं वापरू नये. मान वळवली की डोकं आत वळतं आणि हूड आहे तिथेच राहतं, त्यामुळे मागून येणारी गाडी बघायला वळलेल्या माणसाला हूडची आतली बाजू दिसते. टोपी आत आणि हूड वरून, असं घातलं की हूड झापेबरोबर वळतं. एका हातात छत्री धरून सायकल चालवण्यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.

पाणी येण्याची दुसरी वाट खालून आहे. पुढच्या चाकाला मडगार्ड नसेल तर चाक रस्त्यावरचं पाणी उचलून थेट चेहऱ्याकडे फेकतं. रेंजर पद्धतीच्या आणि गिअरच्या बऱ्याच सायकली मडगार्डशिवाय किंवा नावापुरतं प्लास्टिक लावून विकल्या जातात. जुन्या काळ्या सायकलींचं लांब लोखंडी मडगार्ड दिसायला जुनाट असेल, पण पावसाळ्यात त्याला तोड नाही. मडगार्डच्या टोकाला रबराचा जाड तुकडा लावून घेतला तर शिंतोडे आणखी कमी होतात. काचेवर शेकडो रुपये घालण्याआधी हे काम सायकलच्या दुकानात करून घ्यावं.

तिसरी वाट म्हणजे बाजूने जाणारे ट्रक. कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव या मार्गाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग किंवा पांढरकवड्याजवळचा नागपूर-हैदराबाद महामार्ग, इथे ट्रकच्या चाकांतून उडणारं पाणी धुरासारखं येतं आणि काही क्षण काच पूर्ण आंधळी होते. यावर कुठल्याही काचेत उपाय नाही. मागून ट्रकचा आवाज आला की आधीच वेग कमी करायचा, हँडल सरळ धरायचं आणि पाणी निथळेपर्यंत पॅडल मारायचं नाही, एवढंच हातात आहे.

महागड्या ‘वॉटर रिपेलंट’ काचेचा उपयोग होतो का?

होतो, पण दुकानदार सांगतो तितका नाही.

काचेवर बसलेला प्रत्येक थेंब स्वतःच एक छोटं भिंग असतो. त्यातून येणारा प्रकाश वाकतो, म्हणून समोरच्या गाडीचा एकच दिवा दहा जागी चमकताना दिसतो. पाणी झटकणाऱ्या लेपामुळे थेंब पसरत नाही, तर गोल होऊन बसतो. अळूच्या पानावर पाणी जसं राहतं तसंच. गोल थेंब घसरून पडायला सोपा असतो. पण त्याला घसरवायला वारा लागतो. मोटारसायकलच्या वेगात तो वारा मिळतो. सायकलच्या १५ किलोमीटरच्या वेगात बारीक थेंब जागचे हलत नाहीत. मोठे तेवढे ओघळून जातात.

म्हणून असा लेप असलेली काच घेतली, तरी अधूनमधून डोकं झटकून किंवा चष्म्याच्या दांडीला टिचकी मारून थेंब पाडावे लागतात. लेप नसलेल्या काचेवर टिचकीने पाणी पडत नाही, नुसतं सरकतं. तेवढा फरक आहे आणि तो लहान नाही, पण चमत्कारही नाही. घासून पुसत राहिल्याने हा लेप हळूहळू जातो, हेही लक्षात ठेवायला हवं.

मोटारीच्या काचेसाठी मिळणारा पाणी झटकणारा स्प्रे चष्म्यावर मारायचा मोह अनेकांना होतो. तो खऱ्या काचेसाठी बनवलेला असतो आणि आजचे बहुतेक चष्मे प्लास्टिकचे असतात. त्यातलं द्रावण प्लास्टिकच्या लेपाला खाऊ शकतं. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं द्रावण तर चष्म्याच्या जवळही आणू नये.

वाफ का धरते आणि स्कार्फचा त्याच्याशी काय संबंध?

पाऊस बाहेरून त्रास देतो, वाफ आतून. श्वास आणि घाम यांची हवा गरम आणि दमट असते. पावसाने थंड झालेल्या काचेला ती लागली की पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब जमतात आणि काच दुधाळ होते. सायकल चालू असेल तर काचेमागून वारा खेळतो आणि वाफ उडते. चढावर वेग मंदावला किंवा चौकात थांबलं की लगेच धरते. यवतमाळ शहर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर. आजूबाजूच्या रस्त्यांना चढ भरपूर आहेत आणि चढावर वेग कमी, घाम जास्त, श्वासही जास्त. वाफेला आणखी काय हवं?

विदर्भात मुली सायकल किंवा स्कूटीवर चेहऱ्याला स्कार्फ बांधतात. ऊन आणि धूळ यांसाठी ते योग्यच आहे. पावसात मात्र ओला स्कार्फ नाकातोंडासमोर पडद्यासारखा राहतो आणि श्वासाला बाहेर पडायला वरचीच वाट उरते, थेट काचेच्या मागे. पावसात स्कार्फ नाकाखाली बांधला की वाफ बरीच कमी होते. नाकावर घ्यायचाच असेल तर त्याची वरची कड घट्ट दुमडून चष्म्याच्या नाकपट्टीखाली दाबून बसवावी. कोरोनाच्या काळात मास्कबाबत सगळ्यांनी हेच केलं होतं.

वाफेवरचा स्वस्त उपाय म्हणजे साबण. भांडी घासायच्या लिक्विडचा किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब काचेच्या आतल्या बाजूला बोटाने पसरायचा, पाण्याने हलकं धुवायचं आणि न पुसता वाळू द्यायचं. साबणाचा पातळ थर राहतो. त्यामुळे वाफेचे थेंब वेगळे न राहता एकसंध पातळ पडदा होतात आणि आरपार दिसतं. शाळेत पोचेपर्यंत तो टिकतो. काचेला आधीच वाफरोधक लेप दिला असेल, तर साबण लावण्याआधी दुकानदाराला विचारावं.

इथे एक गंमत आहे. वाफेविरुद्धचा लेप पाण्याला पसरवतो, पावसाविरुद्धचा लेप पाण्याला गोळा करतो. दोन्हींचं काम एकमेकांच्या उलट. म्हणून साबण फक्त आतून लावायचा. बाहेरून लावला तर पाणी झटकणारी महागडी काच साध्या काचेसारखी वागू लागते.

काच कोणती मागायची?

खरी काच, म्हणजे जुन्या पद्धतीचा जड काचेचा चष्मा, सायकलसाठी नको. पडल्यावर तुकडे डोळ्याजवळ फुटतात. नेहमीच्या स्वस्त चष्म्यात सीआर-३९ नावाचं प्लास्टिक असतं. ते स्वच्छ दिसतं आणि बऱ्यापैकी ओरखडे सहन करतं. पॉलिकार्बोनेट त्याहून हलकं आणि आघाताला कितीतरी मजबूत असतं, पण मऊ असल्यामुळे त्यावर ओरखडे न पडण्यासाठीचा लेप हवाच. शाळकरी मुलांच्या आणि रोज सायकल चालवणाऱ्यांच्या चष्म्यात पॉलिकार्बोनेट मागावं. ट्रायव्हेक्स नावाचा प्रकार दोन्हींच्या मध्ये बसतो आणि चांगला आहे, पण लहान गावातल्या दुकानात तो बहुधा मागवून घ्यावा लागतो.

पैसे एकाच जादा गोष्टीवर घालायचे असतील, तर ते अँटी-रिफ्लेक्शन लेपावर घालावेत. साध्या प्लास्टिकच्या काचेतून सुमारे ९२ टक्के प्रकाश आत येतो, उरलेला परावर्तित होतो. हा लेप दिला की प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास जातं. ढगाळ संध्याकाळी, समोरून दिवे येत असताना, ही चमक कमी होणं प्रत्यक्षात जाणवतं. चांगल्या प्रतीच्या अशा काचांवर सगळ्यात वरचा थर पाणी झटकणाराच असतो, त्यामुळे वेगळा ‘रेन’ लेप विकत घेण्याआधी आहे त्यात काय आहे ते विचारावं.

रंगीत काच पावसाळ्यात नको. गॉगलच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ० ते ४ अशा श्रेणी असतात. ० श्रेणीतून ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश येतो, तर उन्हासाठीच्या नेहमीच्या ३ श्रेणीतून फक्त ८ ते १८ टक्के. आभाळ भरून आलेलं असताना असा गॉगल घालणं म्हणजे हाताने अंधार ओढवून घेणं. पोलराइज्ड गॉगल ओल्या रस्त्याची चकाकी कमी करतो हे खरं, पण तोही गडदच असतो. शिवाय सायकलस्वाराला ती चकाकी हवी असते, कारण रस्त्यावर पाणी किंवा तेल कुठे आहे, ते तीच सांगते.

पिवळ्या काचेचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे सोशल मीडियावर भरपूर विकले जातात. बोस्टनच्या शेपेन्स आय रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर त्यांची परीक्षा घेतली. समोरून दिवे येत असताना रस्त्यावरचा पादचारी ओळखायला पिवळ्या काचेची मदत झाल्याचं त्यांना आढळलं नाही. काच रंगीत आहे म्हणजे ती थोडा प्रकाश अडवणारच, आणि रात्री अडवण्याइतका प्रकाश असतोच कुठे?

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काच पावसाळ्यात फारसं बिघडवत नाही. ढगांतूनही अतिनील किरण येतात, त्यामुळे ती दिवसा किंचित गडद होते आणि अंधार पडू लागला की काही मिनिटांत निवळते. विदर्भाच्या एप्रिल-मेसाठी ती कामाची आहे. पावसासाठी म्हणून मुद्दाम घ्यायची गरज नाही.

फ्रेम आणि ‘स्पोर्ट्स’ चष्म्याचं काय?

फ्रेम न घसरणारी हवी. ओल्या नाकावरून जाड प्लास्टिकची फ्रेम खाली येते. सिलिकॉनचे मऊ, हलवता येणारे नाकपॅड असलेली हलकी फ्रेम टिकून बसते आणि चेहऱ्यापासून थोडं अंतर राखते, त्यामुळे वारा खेळतो. काच पापण्यांना चिकटेल इतकी जवळ असेल तर वाफ हमखास. काच फार मोठीही नको आणि फार अरुंदही नको. मोठीवर पाणी जास्त पडतं, अरुंद काचेखालून चाकापुढचा रस्ता दिसत नाही. दांड्यांना बांधायची दोरी घेतली तर खड्ड्यात आपटल्यावर चष्मा चिखलात जात नाही.

चेहऱ्याला गुंडाळणारे वाकडे स्पोर्ट्स चष्मे बाजूचा वारा आणि पाणी चांगलं अडवतात. पण त्यात मोठा नंबर बसवला की कडेचं चित्र वाकडं दिसतं आणि तो नंबर वेगळ्या हिशेबाने बनवावा लागतो. नंबर जास्त असेल तर हा खटाटोप करू नये. काही गॉगलच्या आत नंबरची छोटी काच अडकवता येते. कल्पना चांगली, पण एका डोळ्यासमोर दोनऐवजी चार पृष्ठभाग येतात आणि मधल्या फटीत जमलेली वाफ पुसायला सायकल थांबवावीच लागते. चष्म्यावरून घालायच्या पारदर्शक गॉगललाही हीच अडचण आहे. मात्र पावसाळी संध्याकाळी दिव्यांभोवती किड्यांचे थवे असतात, तेव्हा तो उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र इथे ठामपणे सांगायला हवी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. त्यानंतर फवारणीसाठीच्या संरक्षक किटचा आग्रह वाढला आणि त्यात हातमोजे, मास्क यांच्याबरोबर रबरी पट्ट्याचा गॉगलही असतो. तो चष्म्यावरून बसतो आणि पाणीही अडवतो, म्हणून घरातलं पोरगं तो पावसात सायकलवर घालू शकतं. तसं होऊ देऊ नये. पट्ट्यात आणि कडेच्या रबरात औषधाचा अंश राहिलेला असू शकतो आणि घामाबरोबर तो कातडीवर, डोळ्यात उतरू शकतो. फवारणीचा गॉगल फवारणीलाच.

मग कॉन्टॅक्ट लेन्स?

पाणी साचायला काचच नाही, म्हणून हा पर्याय आकर्षक वाटतो. शहरातले अनेक हौशी सायकलस्वार तो वापरतातही. पण लेन्स आणि पाणी यांचं वैर आहे. नळाच्या, विहिरीच्या, साचलेल्या पाण्यात अकँथामिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. लेन्सखाली तो अडकला तर बुबुळाचा चिवट संसर्ग होतो आणि त्यावरचे उपचार महिनोन् महिने चालतात. लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही, ती घालून पोहायचं नाही, झोपायचं नाही आणि हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच तिला स्पर्श करायचा, हे नियम काटेकोर पाळता येत असतील तरच हा विचार करावा. रस्त्यावरचं गढूळ पाणी डोळ्यात उडालं, तर घरी पोचल्यावर लेन्स काढून टाकावी. रोज फेकायच्या लेन्स त्यातल्या त्यात बऱ्या, पण महाग. शेतातून, चिखलातून जाणाऱ्या शाळकरी मुलांसाठी चष्माच बरा.

पुसायचं कशाने?

पावसात चष्म्याचं सगळ्यात जास्त नुकसान पाऊस करत नाही, ओढणी आणि शर्टाचं टोक करतं. शिंतोड्यांत बारीक माती असते. वणी भागातल्या कोळशाच्या ट्रकवाटांवर त्यात कोळशाची भुकटीही मिसळते. हे कण काचेवर असताना कापडाने घासलं की ते पॉलिश पेपरसारखं काम करतात. चार पावसाळ्यांनी नाही, चार दिवसांत काच धुरकट होते आणि मग दिव्यांसमोर आणखी चमकते.

आधी बाटलीतलं पाणी ओतून कण वाहू द्यायचे, मग झटकायचं आणि शेवटी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने हलकेच टिपायचं. कापड दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं. ओलं झालेलं कापड पाणी फक्त पसरवतं.

हे कापड आणि चष्मा दुसऱ्याला देऊ नये. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती. अशी साथ हात, रुमाल, टॉवेल यांतूनच फिरते.

डोळ्यात माती किंवा किडा गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावं. धुतल्यावरही टोचत राहिलं, लाली वाढली, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मध, एरंडेल, दूध असलं काही डोळ्यात घालू नये. मेडिकलमधून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत. काडी, पान किंवा शेतातल्या मातीने बुबुळाला खरचटलं तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि स्टेरॉइडने तो भडकतो. शेती असलेल्या भागात नजर जाण्याचं हे टाळता येण्यासारखं कारण आहे.

थांबायचं कधी?

रस्त्याकडेचं झाड आणि शेजारचा विजेचा खांब वेगळे ओळखता येईनात, तेव्हा उतरून सायकल हातात धरून चालावं. विजा चमकत असतील तर झाडाखाली नको, पक्क्या इमारतीत थांबावं. आणि नाल्यावरून पाणी वाहत असेल तर डोळ्यांवर कितीही चांगली काच असली तरी पुलावर जायचं नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून पुराचं पाणी वाहत असताना एसटीची बस वाहून गेली आणि त्यात प्रवाशांचे जीव गेले. गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की नाही, ते कुणालाच दिसत नाही.

दुकानात जाताना

खर्चाचा क्रम असा लावता येईल. आधी झापेची टोपी आणि मडगार्ड. मग चालू चष्म्याचे नाकपॅड बदलणं आणि दांड्या घट्ट करणं, जे बहुतेक दुकानदार किरकोळ पैशांत करून देतात. नवा चष्मा करायचाच असेल तर हलकी फ्रेम, दूरच्या एकाच नंबरची पॉलिकार्बोनेट काच आणि अँटी-रिफ्लेक्शन लेप. जुना चष्मा फेकू नये. नंबर फार बदलला नसेल तर तो पावसाळ्यातला चिखलाचा चष्मा म्हणून ठेवावा आणि नवा शाळेत, घरात वापरावा.

बिल मागून घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात तसाच लागला आहे का ते पाहावं.

मुलांचा नंबर वाढत्या वयात बदलतो, म्हणून तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी आणि ती जूनमध्ये शाळा उघडण्याआधी झाली तर उत्तम. त्यासाठी खासगी दवाखानाच हवा असं नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी नंबर तपासतात. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे. तपासणीला जाताना जुना चष्मा सोबत न्यावा आणि मूल शाळेत सायकलने जातं, हे तपासणाऱ्याला आवर्जून सांगावं.